रडक्याची वकिली

मिरचीच्या बियाण्याच्या कामात हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं. आणि बायकांचं तोंड मोकळं राह्यलं की काय होतं ते मी सांगायला नको. टेंभुर्णीत असं एक घर नसेल ज्याची चिरफाड आमच्या शेडनेटाच्या हिरव्या जाळीखाली झाली न्हाई. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाचे पाहुणे पोहे खाऊन गेले ते परत फिरकलेच न्हाईत, कुणाची म्हातारी सुनेचं नाव घेऊन चावडीवर रडली, सगळं तिथं निघायचं. मलाही मजा वाटायची. आपलं घर त्यात येत न्हाई तोवर सगळ्यांनाच वाटते.

काम साधं आहे, पण नजरेचं आहे. मिरचीची जी कळी उद्या उमलणार ती आज दुपारीच ओळखायची, चिमट्यानं उघडायची, आतल्या परागाच्या काड्या अलगद काढून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग तिला लावायचा आणि खुणेचा दोरा बांधायचा. आपली आपण उमललेली दिसली तर खुडून फेकायची, ती बियाण्याच्या कामाची न्हाई. दिवसभर हेच. कंबर मोडते, डोळ्यात पाणी येतं, आणि बोलल्याशिवाय दिवस सरत न्हाई. मी शिकलेली होते, बी.एस्सी. झाले होते, पण नोकरी नव्हती. म्हणून आई एका ओळीत आणि मी दुसऱ्या ओळीत, बायकांबरोबर आम्हीही राबायचो.

त्या हंगामात मला एकच भीती होती. आज ना उद्या बोलणं आमच्या घरावर येणार.

कारण दादा घरी आला होता. पुण्याला चांगल्या कंपनीत होता. एक दिवस भर दुपारी पाठीला बॅग लावून दारात उभा राह्यला. आई म्हणाली, "अरे, फोन तरी करायचा." तो म्हणाला, "पाणी दे." पाणी प्याला, मागच्या खोलीत गेला आणि खाटेवर पडला. तो पडला तो पडलाच. आंघोळीला सांगावं लागायचं, जेवायला सांगावं लागायचं. दाढी वाढली. भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघायचा, न्हाईतर डोळे उघडे ठेवून नुसता पडायचा. कधी कधी रडायचा, आवाज न करता. उशी ओली दिसायची तेव्हा कळायचं.

कारण काय? सगळ्यांना कारण पाहिजे होतं. पोरीचं लफडं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. दारू असती तर शिव्या दिल्या असत्या, पण समजून घेतलं असतं. त्याला काहीच कारण न्हाई, हेच कुणाला पटंना. आमच्या वडिलांनी, आबांनी, एकदाच विचारलं, "तुला काय होतंय?" तो म्हणाला, "काही न्हाई आबा." मंग आबांनी त्या खोलीत जाणं सोडलं. आईनं उतारा टाकला, दर्ग्यातून ताईत आणून खाटेच्या पायाला बांधला, आणि गावात सांगून टाकलं की पोटाचं दुखणं आहे, तिखट चालत न्हाई. म्हणजे बघा, घरचं मिरचीचं शेत आणि पोराला तिखट चालत न्हाई.

मला एवढंच पाहिजे होतं की त्याला जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं न्यावं. आईला म्हणले तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. "येड्याच्या डाक्टरकडं? गाडीतून उतरायच्या आत सगळ्या तालुक्याला कळंल. मंग पोरगी कोण देईल त्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. आधी लगीन होऊ दे. दोनाचे चार केले की आपोआप ताळ्यावर येतो माणूस. न्हाईच आला तर मंग ने तुझ्या डाक्टरकडं." असा हिशोब होता. आधी कुणाची तरी पोरगी आणायची, मंग औषध.

आता त्या रडक्याचं सांगते.

दादा मोबाईलवर जपानी कार्टून बघायचा. कार्टून म्हणलं की त्याला राग यायचा, तेवढाच काय तो राग उरला होता. मी ताट घेऊन गेले की तिथंच बसायची, तो दोन घास खाईस्तोवर. असं बसता बसता मीही बघायला लागले. खाली हिंदीत अक्षरं यायची, त्यामुळं समजायचं.

गोष्ट अशी. एक गाव आहे. गावाच्या एका अंगाला धुकं आहे आणि ते पुढं पुढं सरकतं. ज्याच्यावरून जातं तो माणूस राहत न्हाई. गावात टेकडीवर एक मोठी घंटा आहे. ती वाजली की धुकं मागं हटतं. ती वाजवायचं काम एका पोराच्या आईकडं होतं. ती एक दिवस धुक्यात गेली ती गेलीच. मंग कळतं की आता ती घंटा फक्त त्या पोराच्याच हातानं वाजते. दुसऱ्या कुणी ओढली तर आवाजच निघत न्हाई. पोराला लोक घरातून ओढून आणतात, म्हणतात वाजव. तो वाजवतो. गाव वाचतं. पण घंटा वाजली की त्याला धुक्यात गेलेल्या सगळ्या माणसांच्या हाका ऐकू येतात, त्यात आईचीही. बाकी कुणाला ऐकू येत न्हाईत. असं काही वेळा झाल्यावर तो पोरगा टेकडीच्या पायऱ्यांवर बसतो, कानांवर हात ठेवतो आणि म्हणतो, "मला न्हाई जमणार." आणि रडतो. भाग संपतो. पुढच्या भागात धुकं आणखी जवळ आलेलं, आणि हा पुन्हा पायरीवर.

त्या गोष्टीखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! बाप रे. हिंदीत, इंग्रजीत, मराठीतसुद्धा. रोतलू, भित्रा, बायल्या, असला कसला हिरो, मर की एकदाचा. हजारो माणसं त्या एका पोराच्या मागं हात धुऊन लागलेली. मी एकदा न राहवून लिहिलं की बाबांनो, त्याला कुणी जेवलास का म्हणून तरी विचारलं का? तर एकानं उत्तर दिलं, "तू त्याची आई आहेस का?" दादा ते सगळं वाचायचा. गोष्ट थोडी बघायचा आणि शिव्या जास्त वाचायचा, एक एक, बोटानं वर सरकवत. मी मोबाईल ओढून घेतला तर म्हणाला, "राहू दे गं. खरंच तर लिहून राह्यलेत."

एका दुपारी शेडनेटात जे व्हायचं होतं ते झालंच. आमच्याकडं एक बाई यायची, माहेर वडीगोद्रीचं म्हणून सगळ्या तिला वडीगोद्रीवालीच म्हणायच्या. मी काकू म्हणायची. जीभ अशी की लोखंड कापेल, पण मनानं साफ. ती कळी सोलता सोलता म्हणाली, "काय गं, तुझा दादा आल्ता म्हणं दिवाळीच्या आधीच? दिसत न्हाई कुठं. पोट लईच दुखतं का त्याचं?" पलीकडच्या ओळीत आईचे हात थांबले. मी घाईघाईनं म्हणले, "काकू, एक गोष्ट सांगू का? लई भारी हाय."

आणि मी धुक्याची गोष्ट सांगायला लागले.

बायका अशा रमल्या की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी परागाची डबी हातात घ्यायच्या आधीच, "मंग पुढं काय झालं?" मी रोज एक भाग सांगायची. घरचा विषय टळला, आई सुटली, मीही सुटले असं मला वाटलं. पण तो पोरगा पायरीवर बसला त्या दिवसापासून बायकांचं डोकं फिरलं.

"अगं, थोबाडीत द्या त्याच्या दोन!"

"त्याला म्हणावं, ये आमच्या रानात कापूस येचायला. दोन दिसांत रडणं निघून जाईल."

वडीगोद्रीवाली तर कमरेवर हात ठेवून उभीच राह्यली, जसा काय तो समोर बसलाय. "ऊठ की! किती रडशील? समद्यांचा जीव घेऊन राह्यलास तू!"

आणि सगळ्यात पुढचा उपाय तिचाच. "लगीन लावून द्या त्याचं. बायकू आली की कुठलं धुकं आन कुठली घंटा. बराबर उठतंय का न्हाई बघ." सगळ्या हसल्या. आईही हसली, तेच मला खुपलं.

मी भांडायची. मला राग आवरायचाच न्हाई. मी म्हणायची, तो भित्रा असता तर पळून गेला असता. त्याला कुणी बांधून ठेवलंय का? तो पायरीवर बसतो, पळत न्हाई. वाजव म्हणून सांगायला सगळं गाव येतं, त्या हाका ऐकायला त्याच्याबरोबर वर कोण जातं? तुम्हाला फक्त घंटा ऐकू येते म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. बायका म्हणायच्या, "आली बघा वकीलीणबाई!" मंग ते नावच पडलं मला. एकटी एक चाची होती, मुसलमानवाड्यातली, हळू बोलायची. ती मान न उचलता म्हणाली, "अगे, उस बच्चे को पैले कोई रोटी तो खिलाओ. खाली पेट कौन घंटा बजाता?" मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

संध्याकाळी मी हे सगळं दादाला सांगायची. कोण काय म्हणालं, कुणी कसे हातवारे केले, नक्कल करून. कापूस वेचायला न्यायचं ऐकून तो हसला. खरंच हसला, खोकला येईस्तोवर. आल्यापासून पहिल्यांदा. मंग रोज मी ताट घेऊन गेले की तोच विचारायचा, "आज काय म्हणल्या बायका?" ते विचारण्यापुरता तो उठून बसायचा. शिव्या त्याच होत्या, मोबाईलवरच्याच, पण बायकांच्या तोंडून आल्या की त्याला लागत नव्हत्या. का, ते मला अजून कळलेलं न्हाई. मी मात्र त्या उठून बसण्यावर जगत होते.

आणि आईनं सोयरीक काढली. कुणाची, तर वडीगोद्रीवालीच्या भावाची लेक. काकू रोज आमच्यात, घर बघितलेलं, माणसं बघितलेली, आईचा स्वभाव माहीत, मी तर तिची लाडकीच. पोरगा पुण्याला नोकरीला, सध्या पोटाच्या दुखण्यानं रजेवर. काय वाईट होतं? पोरगी बारावी झालेली, शिवण शिकलेली. काकू म्हणाली, "पोराचा फोटू द्या, माझ्या भावाला दाखवते. जमलं तर तुळशीचं लगीन झालं की बार उडवून टाकू."

आईनं न्हाव्याला घरी बोलावलं. मला वाटलं दादा तयार होणार न्हाई, पण झाला. दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला, शेडनेटासमोर उभा राह्यला. आई म्हणाली, "हस की जरासा." तो हसला. मीच फोटो काढला. आई आनंदानं रडली, "बघ, नुसत्या नावानं उठला माझा लेक, बायको आल्यावर तर काय!" मीही क्षणभर फसले. खरंच म्हणते, मला वाटलं, खरं असंल का हे?

त्याच संध्याकाळी ताट घेऊन गेले तेव्हा त्यानं बायकांचं विचारलं न्हाई. शर्ट तसाच अंगात होता. म्हणाला, "त्या पोरीला सांगितलंय का कुणी?"

"काय?"

"माझं. मी कसाय ते."

"न्हाई."

"सांगाय पाहिजे गं. तिचा काय गुन्हा हाय?"

"मंग तू न्हाई म्हण ना आईला."

त्यानं ताट बाजूला सारलं. "आई किती खूश झाली बघितलंस ना. मला न्हाई जमणार."

म्हणजे सगळ्या घरात त्या पोरीचा विचार करणारा एकच माणूस होता, आणि तोच बिनकामाचा म्हणून पडून होता. मला असा संताप आला, पण कुणावर काढणार?

फोटो पसंत पडला. काकूचा भाऊ येऊन बोलणी करणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी शेडनेटात मी गोष्टीत उगाच पाणी घालत होते, कारण आमचे बघून झालेले भाग संपत आले होते आणि शेवटचा भाग दादा लावू देत नव्हता. पोरगा अर्थातच पायरीवर. बायकांनी ठरल्यासारख्या शिव्या घातल्या, मी ठरल्यासारखी वकिली केली. वडीगोद्रीवाली मात्र त्या दिवशी गप होती. मंग तिनं चिमटा पदराला पुसला आणि माझ्याकडं वळली.

"बरं, वकीलीणबाई. एवढी बाजू घेतीस त्याची. एक सांग मला. तू करशील का असल्या पोराशी लगीन?"

बायका हसायला लागल्या आणि हसता हसता थांबल्या. काकू हसत नव्हती.

"खरं सांग, पोरी," ती म्हणाली, आवाज खाली घेऊन. "माझ्या भावाची लेक हाय."

काकू हुशार बाई. सरळ विचारलं असतं तर आईनं पोटाचं दुखणं सांगितलं असतं आणि मला मान डोलवावी लागली असती. तिनं गोष्टीतल्या पोराचं विचारलं, जिथं मी खोटं बोलत नव्हते हे तिला माहीत होतं. तिनं कधीच ओळखलं होतं, मी कुणाची बाजू घेतेय ते. पलीकडच्या ओळीत आई उभी राह्यली होती. जाळीतून तिचं तोंड हिरवं दिसत होतं. तिनं हात जोडले न्हाईत, पण नजर तशीच होती.

मी काय करायला पाहिजे होतं, सांगा ना तुम्ही. हो म्हणले असते तर एक शिवण शिकलेली पोरगी त्या खोलीत आली असती, आणि रोज तिच्या डोळ्यादेखत माझा भाऊ स्वतःला आणखी खायला लागला असता. माझ्या कानात त्याचंच वाक्य होतं, तिचा काय गुन्हा हाय.

"न्हाई," मी म्हणले.

पुढचं माझ्या ओठावर होतं. आधी त्याला डॉक्टरकडं नेऊ द्या, काकू, बरा होऊ द्या, तो लई चांगला हाय, असा माणूस तुम्हाला दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा न्हाई. पण न्हाई म्हणल्यावर पुढचं कोण ऐकतं? काकूनं मान हलवली, हातातली कळी सोलली आणि पुढच्या झाडाकडं सरकली. संध्याकाळी जाताना आईला म्हणाली, "वैनी, पोरगी पुढं शिकायचं म्हणून राह्यली. आत्ताच नको म्हणते." असलं बोलणं ऐकलं की समजून घ्यायचं असतं. आईनं समजून घेतलं.

घरी आल्यावर आईनं मला मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं. ओसरीवर उभी राहून ती ओरडली, "सख्ख्या भावाच्या अन्नात माती कालवलीस! मोबाईलातल्या पोराची बाजू घेत होतीस रोज. पार जिवाचा आटापिटा करून घेत होतीस. घरच्याची एक दिस घेता आली न्हाई तुला?"

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं.

ताट घेऊन गेले तर दादा उठून बसलेला. रोजच्यासारखंच विचारलं त्यानं, "आज काय म्हणल्या बायका?" मी ताट खाली ठेवलं आणि रडायला लागले. तो म्हणाला, "रडू नको. ऐकलं मी. बराबर बोललीस तू. तुझ्या जागी मी असतो तरी न्हाईच म्हणलो असतो." मंग भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला, पुन्हा ताटात ठेवला. "फक्त ते वाईट वाटलं की तू लई जल्दी बोललीस. थोडा विचार केला असतास तरी चाललं असतं."

त्या दिवसानंतर बायकांचं त्यानं कधी विचारलं न्हाई. दाढी पुन्हा वाढली. उठून बसणंही बंद झालं. आई माझ्याशी बोलेना. आणि मंग एका सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता, तीच म्हणाली, "ने त्याला जालन्याला. झाकायला आता काय राह्यलंय?"

मला किती आनंद झाला सांगू! जे मी मागत होते ते शेवटी मिळालं होतं. मी त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांचा दुसऱ्या दिवशीचा नंबर लावला. सकाळच्या बसनं जायचं ठरवलं. पहाटे उठून तोच इस्तरीचा शर्ट काढून दिला. पाणी तापवलं. दादा निमूट उठला, आंघोळ केली, खाटेच्या काठावर बसून शर्टात एक हात घातला. आणि तिथंच थांबला.

मी दारात उभी. बसची वेळ होत आलेली. "दादा, चल ना."

तो शर्टाच्या दुसऱ्या बाहीकडं बघत होता, जसं ती कुठंतरी लई लांब आहे. "मला न्हाई जमणार," तो म्हणाला.

सगळा हंगाम मी या वाक्याची वकिली केली होती. याच वाक्यासाठी पंधरा बायकांशी भांडले होते. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "ऊठ की! किती रडशील? समद्यांचा जीव घेऊन राह्यलास तू!" शब्द न् शब्द तोच. आवाजसुद्धा वडीगोद्रीवालीचा, कारण मी रोज तिची नक्कल करून त्याला हसवलं होतं.

तो चिडला न्हाई, रडलाही न्हाई. त्यानं हात बाहीतून काढला, शर्टाची नीट घडी घातली आणि माझ्याकडं दिला. "बरं झालं," तो म्हणाला. "तेवढं तुझंच म्हणायचं राह्यलं होतं."

मंग खाटेवर आडवा झाला, भिंतीकडं तोंड करून. बस गेली. मी तो शर्ट कपाटात ठेवला आणि शेडनेटात निघून गेले, कारण सकाळचा पराग लावायचा राह्यला होता, कळ्या कुणासाठी थांबत न्हाईत. आणि खरं सांगायचं तर मला त्या घरात थांबवत नव्हतं.

बायकांना सगळं माहीत झालेलं होतंच. गावात काय लपतं? कुणी काही बोलेना. नुसते हात चालत होते. शेवटी वडीगोद्रीवालीच म्हणाली, "गेली न्हाईस व्हय जालन्याला? उठला न्हाई का गं तुझा दादा?"

"न्हाई, काकू."

ती दोन झाडं पुढं गेली. मंग म्हणाली, "गोष्ट तरी सांग. त्या पोराचं काय झालं?"

"तो पायरीवरच बसलाय," मी म्हणले. मला पुढचं माहीतच नव्हतं.

त्या दिवशी त्याला कुणी शिवी घातली न्हाई. मी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. कुणीतरी घालावी आणि मला भांडता यावं. कुणी घातली न्हाई. चाचीनं मान वर केली आणि विचारलं, "उसके पास कोई बैठा है क्या?"

मी परागाची डबी तिथंच टाकली आणि बांधावरून पळत घरी आले. मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. ते दादानं कधी लावलं नव्हतं. मी हाका मारल्या, दार बडवलं, आई धावत आली, आबा आले. आतून इतकंच आलं, "मी हाय. जा तुम्ही." आईनं ओसरीवर बसून कपाळाला हात लावला.

ते दार अजून तसंच आहे. डॉक्टरांना मी एकदा घरी आणलं, त्यांनी बाहेरून दोन शब्द बोलून पाहिलं आणि गेले. दादा सगळे झोपले की बाहेर येतो, हे न्हाणीतल्या ओल्या फरशीवरून कळतं. मला स्थळं येतात. पाहुणे विचारतात, भाऊ काय करतो, आणि आई म्हणते, पोटाचं दुखणं आहे.

रोज संध्याकाळी मी ताट घेऊन जाते आणि दाराबाहेर पायरीवर बसते. बायकांचं काय काय सांगते, नक्कल करत न्हाई. आतून काही येत न्हाई. मी सांगते, दादा, मी अजून त्या पायरीवरच्या पोराच्याच बाजूनं हाय. मंग उठते, चार पावलं लांब जाते, तेव्हा दार बोटभर उघडतं आणि ताट आत जातं.